दुसऱ्या हाकेच्या आत

म्बुझेनी माझिबुकोच्या जिभेला हाड नाही, हे डोंगराच्या दोन्ही अंगांना ठाऊक होतं. झुलू भाषेत म्बुझेनी म्हणजे 'विचारा त्याला', आणि लोक विचारायचेही. कुणाची कालवड कुणाच्या वळूची, कुणाच्या आजीचं माहेर कुठलं, नदीला मोठा पूर आला त्या वर्षी कोण झाडावर चढून बसलं होतं, नुसतं विचारायचा अवकाश. लग्नकार्यात त्याला वाढप्यांपासून लांब बसवत, कारण तो बोलायला लागला की वाढपी ऐकत उभे राहत आणि पंगत उपाशी. तरुणपणी त्याने स्टीनकाम्पच्या मळ्यावर नांगराचे बैल हाकले. चाबूक खांद्यावर नुसता शोभेला. प्रत्येक बैलाला नाव होतं आणि म्बुझेनी दिवसभर त्यांच्याशी गप्पा मारत चालायचा. बैल म्हणे त्याचं बोलणं संपावं म्हणून भराभर तास काढायचे.

पण त्याच्या जिभेला आणखी एक खोड होती, ती काही त्याची स्वतःची नव्हती. थोरला मालक स्टीनकाम्प, ज्याला गडीमाणसं आपापसात न्त्शेबे म्हणजे दाढीवाला म्हणत, त्याचा नियम होता की त्याला दुसरी हाक मारायला लागता कामा नये. पहिल्या हाकेला ओ आली पाहिजे, माणूस कुठेही असो, काही करत असो. म्बुझेनी लहानपणी वासरं राखायचा. एकदा साळिंदराचं बीळ उकरण्यात दंग झाला आणि न्त्शेबेने दोनदा हाक मारली. त्या दिवशी गोठ्याच्या भिंतीशी उभं करून पाणघोड्याच्या कातड्याच्या चाबकाने त्याची पाठ सोलून निघाली. बाप बाजूला उभा होता, टोपी हातात धरून. फटके मारून झाल्यावर न्त्शेबेने बापाला विचारलं, "शिकला का?" आणि बाप म्हणाला, "जी मालक."

तेव्हापासून म्बुझेनी झोपेतही ओ द्यायचा. त्याची बायको माखोझा सगळ्यांना सांगायची की लग्नाच्या रात्री बाहेर कुत्रं भुंकलं तर नवरदेव ताडकन उठून बसले आणि म्हणाले, "जी मालक!" बायका हसून हसून लोळायच्या. म्बुझेनीही हसायचा. दुसरं काय करणार?

न्त्शेबेचा धाकटा मुलगा हेनी म्बुझेनीच्या पाठीवर वाढला. तो झुलू बोलायला शिकला तो त्याच पाठीवर, आणि असं शिकला की डोळे मिटून ऐकलं तर माझिबुकोंच्याच घरातलं पोर वाटावं. कोडी घालायचा, आमासीच्या भोपळ्यात हात घालून घट्ट दूध चाटायचा, पितरांची नावं घ्यायचा. मग शहरातल्या शाळेतून लांब विजार घालून परत आला, तेव्हा न्त्शेबे म्हणाला, "आजपासून हे छोटे मालक." म्बुझेनीने दोघांकडे आळीपाळीने बघून जी मालक म्हटलं. हेनी लाजला होता, म्बुझेनीला आठवत होतं. पुढे लाजायचा थांबला.

मळ्याच्या फाटकावर पाटी आहे, 'वेल्फरडीन्ट'. म्हणजे कष्टाने कमावलेलं. कुणाच्या कष्टाने, तेवढं रंगवायचं राहून गेलं असावं.

पुढचं सगळं एकापाठोपाठ एक घडलं. शहराकडून आलेल्या दरोडेखोरांनी न्त्शेबेला त्याच्याच स्वयंपाकघरात बांधून मारलं, बंदुकांच्या कपाटाच्या किल्लीसाठी. पंच्याऐंशीच्या घरातला म्हातारा. म्बुझेनी त्या दिवशी ढसाढसा रडला, आणि ज्याने आपली पाठ सोलली त्याच्यासाठी आपण का रडतोय हे त्याला काही केल्या कळेना. मग हेनीने कुंपणाला विजेच्या तारा लावल्या, कुत्री आणली, शेजारच्या मळेवाल्यांबरोबर पिकअपमधून बंदुका घेऊन गस्त घालायला लागला. मग मळ्यावरच्या सगळ्या गडीमाणसांना जा म्हणाला. कोण किल्लीची खबर बाहेर पोचवतो काय माहीत, म्हणाला. माझिबुकोंच्या झोपड्या पाडायला जो ट्रॅक्टर आला तो म्बुझेनीनेच इतकी वर्षं चालवला होता. माझिबुको नदीपलीकडे पत्र्याच्या वस्तीत गेले. कबरी राहिल्या मळ्यावर, कोरफडीच्या ओळीखाली.

गाईंना मात्र कुणी सांगितलं नव्हतं. दोन गाई नदी उतरून आपल्या जुन्या कुरणात परत गेल्या. थोरला मुलगा फलाखे संध्याकाळी त्यांना आणायला गेला आणि तळ्याच्या काठी गस्तीच्या पिकअपला तो दिसला. गुरं चोरणारा वाटला, असं ते म्हणाले. गाडी हेनी चालवत होता. गोळी मागे उभ्या असलेल्या दोघांपैकी कुणाची, ते कोर्टात अजून ठरायचं होतं. तारीख पडायची आणि पुढे जायची.

फलाखेला पत्र्याच्या वस्तीत पुरलं. पण तो आला नाही. सगळ्या वस्तीला कळत होतं की तो आला नाही. शेळी गाभडली, त्याच्या विधवेचं तान्हं पोर दिवस मावळला की दाराकडे बघून रडायला लागायचं, चुलीवरचं फुथू, मक्याच्या पिठाचं, करपायचं. घरात कुणाचा पाय ठरत नव्हता. म्बुझेनी बसला की उठायचा, उठला की बसायचा, दारात जाऊन नदीपलीकडे बघायचा. माणूस घरापासून लांब, अवचित मेला की देह आणता येतो, पण तो स्वतः पडला तिथेच उभा राहतो. वाट बघतो. त्याला घरच्या वडीलधाऱ्याने जाऊन आणावं लागतं.

आणि धाकटा मुलगा बोंगुमुसा. त्याचं तर विचारूच नका. तो नि त्याचे मित्र दुकानाच्या मागे उकिडवे बसून असायचे आणि म्हातारं माणूस जवळ आलं की गप्प व्हायचे. ऑगस्ट लागला होता. डोंगरउतारावर गवत वाळून कमरेइतकं उभं होतं आणि पश्चिमेचा वारा दिवसभर पत्रे वाजवत होता. त्या वाऱ्यात मळ्याच्या वरच्या अंगाला एक काडी टाकली की कुरण, गोठे, घर, काही शिल्लक राहिलं नसतं. हेनी आणि त्याचे बंदूकवालेही हे ओळखून होते.

"दादा हाका मारतोय," बोंगुमुसा आईला म्हणाला. "तुम्हाला ऐकू येत नाही, मला येतं."

माखोझाने नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं. "नझिमा," ती त्याला कुळाच्या नावाने हाक मारायची, "मोठ्याला घरी आणा, नाहीतर धाकटाही जाईल. मला दोघांना नाही पुरायचं."

मळ्यावर जाऊ द्या म्हणून पोलीस ठाण्यातून हेनीला फोन गेला. तो म्हणाला, दुपारी या, दोघंच या, फाटकातून या. म्बुझेनीने लाह्लांकोसीची फांदी तोडली. बोरीच्याच जातीचं झाड, काटे जोडीजोडीने, एक सरळ आणि एक मागे वळलेला. ती फांदी घेऊन जायचं, मेलेल्याला नावाने बोलवायचं, तो फांदीवर येतो, मग त्याला सांगत सांगत घरी आणायचं, बाळा आता नदी आली, आता गाडीत बसतोय. नियम एकच. फांदी हातात आहे तोवर त्याच्याशी सोडून दुसऱ्या कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. बोललात की तो उतरतो. म्हणून सोबत एक माणूस न्यायचा, सगळ्यांशी बोलायला.

सोबतीला माखोझाचा भाऊ झेफानिया आला. चर्चमध्ये प्रवचनं करणारा, पण जीभ तिखट.

"दाजी," वाटेत तो म्हणाला, "तुम्हाला गप्प बसायला लागणार हे ऐकून आख्खी वस्ती देवाचे आभार मानतेय."

"परत आल्यावर व्याजासकट बोलेन, मेव्हणे. काळजी नको."

तळ्याच्या काठी सगळं नीट झालं. म्बुझेनीने फलाखेला हाक मारली, चल म्हणाला, आणि फांदी हातात जड झाली. त्याचे डोळे भरून आले. दोघे परत निघाले, झेफानिया पुढे, म्बुझेनी मागे फांदी छातीशी धरून, पोराला वाट सांगत. फाटकापाशी हेनी पिकअपला टेकून उभा होता. त्याने काही वाईट मनाने केलं असंही नाही. त्याने फक्त विचारलं, जसं आयुष्यभर विचारत आला होता, आणि आवाज मात्र अगदी बापाचा.

"म्बुझेनी! झालं का?"

"जी मालक."

बोलून गेल्यावर त्याला कळलं की तो बोललाय. फांदी हातात होती, पण आता तिला काही वजन नव्हतं. नुसती काटेरी काटकी. झेफानियाने मागे वळून पाहिलं आणि त्याचं तोंड उघडं पडलं. हेनीला काहीच कळलं नाही. त्याने फाटकाची साखळी काढली आणि दोघं बाहेर आले.

"कुणी ऐकलं नाही," झेफानिया रस्त्यावर कुजबुजला. "तुम्ही, मी आणि देव. देवाचं मी बघतो. आपण दोघं गप्प राहू."

वडापची गाडी थांबली. ड्रायव्हरने फांदी पाहिली आणि रेडिओ बंद केला. "बरोबर कोणी आहे," तो मागे वळून म्हणाला, "जागा करा." एका म्हाताऱ्या बाईने बाकावरची टोपली उचलून मांडीवर घेतली, दोन पोरं उठून मागे गेली. म्बुझेनीच्या शेजारी एक जागा मोकळी ठेवून सगळी गाडी दाटीवाटीने बसली. वाटभर कुणी तिथे कोपरसुद्धा टेकवलं नाही. म्हाताऱ्या बाईने त्या जागेकडे बघून मान लववली. म्बुझेनीला वाटलं, गाडी थांबवून उडी मारावी.

वस्तीत बकरा बांधून तयार होता. बायका गाणं म्हणत पुढे आल्या. म्बुझेनी अंगणाबाहेरच थांबला आणि म्हणाला, "गाऊ नका. मी रिकामा आलोय."

मग त्याने सांगितलं. सांगितल्याशिवाय राहवणारा तो माणूसच नव्हता. बायकांचं गाणं थांबलं. फलाखेची विधवा पोराला घेऊन आत निघून गेली. बोंगुमुसाने आवाज चढवला नाही, तेच वाईट.

"त्यांनी दादाला मारलं आणि तुम्ही त्यांना मालक म्हणालात, बाबा. मेल्यावरही दादाला मालकासाठी रस्ता सोडून खाली उतरायला लावलंत."

"तोंडातून निघून गेलं रे."

"तुमच्या तोंडातून दुसरं कधी काय निघालंय?" तो म्हणाला. "आता राहू द्या. मी आणतो त्याला माझ्या पद्धतीने."

म्बुझेनीला पोराचा राग आला नाही. स्वतःची लाज वाटली, इतकी की त्याने दोन दिवस भाकरतुकडा घेतला नाही. मग तो माखोझाला म्हणाला, "मला पुन्हा जायचंय. तू मला हाक मार. न्त्शेबेच्या आवाजात. मी ओ दिली नाही असं होईपर्यंत मारत राहा."

माखोझाला न्त्शेबेची नक्कल फार छान यायची. मळ्यावरच्या सगळ्याच बायकांना यायची. भांडी घासताना तेवढीच करमणूक. ती शेळ्यांच्या मागून ओरडायची, "म्बुझेनी!" "जी मालक!" तो पाणी पिताना, "म्बुझेनी!" पाणी नाकात. शेजारणींनाही चेव चढला. कुणी पत्र्याआडून, कुणी विहिरीवरून. नमस्कारासारखं सगळीकडून 'म्बुझेनी' आणि दर वेळी जी मालक. वस्तीतली पोरं पोट धरून हसत होती. शेवटी एकदा त्याने तोंडात गारगोटी धरली, तर गारगोटी उडून कोंबडीला लागली आणि जी मालक निघालंच. माखोझा हसता हसता रडायला लागली आणि आत गेली.

"नाही जमत," म्बुझेनी झेफानियाला म्हणाला. "ही जीभ माझी नाहीच. मी नुसती सांभाळतोय."

"दाजी, तुम्हाला गप्प बसायला कोणी सांगितलंय?" झेफानिया म्हणाला. "नियमात तसं कुठे आहे? पोराशी बोलायला बंदी नाही. बोला की. तुमच्याइतकं कुणाला येतं?"

म्बुझेनी उठला आणि कोयता शोधायला लागला.

दुसरी फांदी तोडली त्या दिवशी त्याने सोबतीला झेफानियाला घेतलं नाही. "माझ्या वतीने बोलायला बोंगुमुसा येईल," तो म्हणाला. बोंगुमुसा लगेच तयार झाला, आणि त्याची ती तयारीच म्बुझेनीला आवडली नाही. नदी उतरताना पोराच्या खिशात काहीतरी खुळखुळलं. काडेपेटी. वारा असा सुटला होता की टोपी हाताने धरून चालावं लागत होतं.

ठाण्यातून पुन्हा फोन गेला होता. हेनीने फाटक उघडून त्यांना आत घेतलं, पुन्हा साखळी लावली आणि तिथेच थांबला. बंदूक पिकअपच्या सीटवर होती.

तळ्याच्या काठी म्बुझेनीने हाक मारली. "फलाखे, मी तुझा बाप. चल बाळा, घरी जाऊ." फांदी हलकीच राहिली. त्याने पुन्हा हाक मारली. वाऱ्याने गवत आडवं होत होतं. मागे बोंगुमुसा उभा होता, एक हात खिशात, आणि वाऱ्याची दिशा बघत होता. वारा मळ्याच्या घराकडे जात होता.

मग म्बुझेनी खाली बसला आणि बोलायला लागला.

"तू रुसलायस. बरोबर आहे. तू म्हणशील, बाबा, कुठल्या घरी? हेच तर घर. तुझी नाळ इथे पुरली, त्या पडक्या भिंतीच्या मागे, मीच पुरली. आम्ही तुला घरी न्यायला आलोय म्हणजे घरातून न्यायला आलोय, मला का कळत नाही? पण तुझी आई तिथे आहे. तुझं पोर दाराकडे बघून रडतंय. आणि तुझा भाऊ माझ्या मागे उभा आहे, फलाखे, खिशात काडेपेटी घेऊन. तू इथे उभा राहिलास तर तो आज ही काडी ओढेल. मग ते बंदुका घेऊन धावतील आणि तो इथेच पडेल, तुझ्या शेजारी. मग त्याला न्यायलाही मलाच यावं लागेल, बाळा. माझ्यात एकच फांदी उचलायचं बळ आहे. दुसरी नाही रे उचलवणार."

मागचा खुळखुळाट थांबला. म्बुझेनीने मागे पाहिलं नाही. तो नुसता बसून राहिला, आणि हळूहळू फांदी जड झाली, इतकी की उठताना त्याला गुडघ्यावर हात टेकावा लागला.

मग तो चालायला लागला आणि त्याची जीभ थांबलीच नाही.

"ही कोरफड. खाली माझे खापरपणजोबा आहेत. ते असताना एक गोरा घोड्यावरून आला. सकाळी निघाला आणि घोडा चालेल तिथवर चालवत, चारी बाजूंना दगड रचत गेला. खापरपणजोबांना वाटलं, पाहुणा वाट चुकलाय. त्याला आमासी पाजलं. संध्याकाळी तो म्हणाला, दगडांच्या आत आहे ते माझं. खापरपणजोबा दगडांच्या आत होते. असे आपण त्याचे झालो, आमासी पाजून. हे बाजूला पणजोबा. राणीच्या सरकारने झोपडीवर कर बसवला, स्वतःच्या झोपडीत झोपायचा कर, तो फेडायला खाणीत गेले आणि खोकत परत आले. ही माझ्या आजोबांची कबर. कर देणार नाही म्हणाले, तर घोडेस्वार आले आणि सगळी वस्ती पेटवली. काडेपेटी तेव्हा त्यांच्या खिशात होती, फलाखे. ज्याने पेटवलं त्याच्या घरात तेव्हापासून कुणाला निवांत झोप नाही. कुंपणं घालतात, कुत्री पाळतात, उशाशी बंदूक घेतात. आणि हा गोठा. इथे भिंतीशी माझी पाठ सोलली. मी तुला कधी सांगितलं नाही. सगळ्या जगाला सगळं सांगत आलो आणि हे तुला सांगितलं नाही, कारण माझा बाप बघत उभा होता, आणि मला भीती वाटायची की एक दिवस तुझ्या वेळी मीही तसाच उभा राहीन."

बोंगुमुसा आता मागे नव्हता. बाजूला, खांद्याला खांदा लावून चालत होता.

फाटक आलं. साखळी लावलेली. हेनी पिकअपपाशी, आणि आता बंदूक हातात. त्याने बोंगुमुसाचा खिशातला हात पाहिला होता.

"म्बुझेनी!"

जीभ टाळूला लागली. जी चा ज तयार होता. पण तोंडात आधीच दुसरं वाक्य होतं आणि ते पूर्ण व्हायचं होतं.

"थांब फलाखे, फाटक बंद आहे. समोर एक माणूस उभा आहे, तो उघडेल. ओळखलंस ना? हा हेनी. तुझ्याआधी ही पाठ ह्याची होती."

"म्बुझेनी! मी हाक मारतोय तुला!"

आयुष्यात पहिल्यांदा त्याला दुसरी हाक ऐकू आली. पाठीवरची कातडी आखडली, जुन्या जागी, वळांच्या जागी. तो बोलत राहिला.

"ऐकतोयस ना, तो मला हाक मारतोय. मी आज त्याला ओ देत नाही, कारण मी तुझ्याशी बोलतोय. ह्याच्या बापाला मारलं तेव्हा मी रडलो. तू गेलास तेव्हा हा आला नाही. घाबरलाय तो, फलाखे. ज्याला ह्याच्या बापाने चाबकाने बोलायला शिकवलं तो बोलेनासा झाला की हा घाबरतो. आपण सावकाश जायचं."

हेनीने बोंगुमुसाकडे पाहिलं. "कुणाशी बोलतोय हा?"

सगळ्यांशी बोलायचं काम आज बोंगुमुसाचं होतं. त्याने खिशातून हात काढला. रिकामा.

"माझ्या भावाशी," तो म्हणाला. मालक म्हणाला नाही.

हेनीला समजावून सांगायची गरज नव्हती. हे सगळं तो ज्या पाठीवर शिकला होता ती समोर उभी होती. मागच्या खेपेला झालं का विचारून आपण काय केलं, तेही त्याला आत्ता कळलं असावं, कारण त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने बंदूक बॉनेटवर ठेवली, साखळी काढली. आधी माणसापुरती फट केली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, फाटक पूर्ण उघडलं, गाडी जाईल एवढं, आणि बाजूला झाला.

ते त्याच्या शेजारून गेले तेव्हा तो हळू आवाजात, लहानपणी बोलायचा तसल्या झुलूत म्हणाला, "म्बुझेनी. मी फक्त गाडी चालवत होतो."

त्याला उत्तर हवं होतं. कुठलंही चाललं असतं, पण त्याला सवयीचं होतं ते दोन शब्दांचं उत्तर त्याला हवं होतं. म्बुझेनीच्या मनात त्याच्याबद्दल कणवही आली, हे कबूल करायला हवं. पण तो म्हणाला, "फलाखे, आता मोठा रस्ता. डावीकडून चल." आणि पुढे गेला. हेनी फाटक धरून तसाच उभा राहिला.

वस्तीत बायकांनी गाणं धरलं आणि ह्या वेळी ते कुणी थांबवलं नाही. फांदी घरात, मागच्या भिंतीशी, पितरांच्या जागी ठेवली. फलाखेच्या विधवेने पोराला तिथे बसवलं, आणि ते पोर फांदीकडे टक लावून बघत राहिलं. रडलं नाही. पितरांना इम्पेफोच्या वाळल्या पाल्याची धुरी द्यायची, तिच्यासाठी विस्तव हवा होता. बोंगुमुसाने खिशातून काडेपेटी काढली, काडी ओढली, फटीतल्या वाऱ्याला ओंजळीचा आडोसा करून पाला पेटवला. धूर फांदीवर गेला. मग त्याने काडेपेटी परत खिशात टाकली आणि दाराशी जाऊन उभा राहिला, नदीपलीकडे बघत.

फांदी खाली ठेवली होती. म्बुझेनीला आता बोलायची मुभा होती. सगळी वस्ती वाट बघत होती की आता हा सुरू होणार. तो पाठमोऱ्या पोराकडे बघत होता. बाहेर वारा पत्रे वाजवत होता.

"बोंगुमुसा!"

बोंगुमुसा हलला नाही. झेफानिया उठायला लागला तर माखोझाने त्याचा हात धरला. म्बुझेनी थांबला. बराच वेळ थांबला.

"बोंगुमुसा."

मग तो वळला. "काय बाबा?"

"काडेपेटी चुलीपाशी ठेव. तुझ्या आईची आहे ती."

त्याने पुन्हा एकदा बाहेर पाहिलं. मग चुलीपाशी गेला, काडेपेटी कोनाड्यात ठेवली आणि बकऱ्याच्या मटणाच्या पातेल्याजवळ आईशेजारी बसला. म्बुझेनीने डोळे पुसले. माखोझाला वाटलं काडेपेटीमुळे, आणि ते खरंच होतं. पण त्याला त्याहून बरं वाटत होतं ते ह्याचं, की त्याच्या पोराने पहिल्या हाकेला ओ दिली नव्हती.